नाशिकरोड ते हावडा: लांबच्या गाडीचा पहिला प्रवास, दिवसवार

पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन-येऊन असलेल्या नाशिककराला रेल्वे आपल्या हातची वाटते. तीन-साडेतीन तासांच्या खुर्चीपुरतं ते खरंही आहे. लांबच्या गाडीत मात्र दिवसा तिघांनी वाटून घ्यायचा बाक रात्री एकेकाची खाट होतो, टाकीतलं पाणी संपतं, टीसी बदलतात, चार्जिंग बंद होतं आणि जेवणाची वेळ पोटापेक्षा पुढचं स्टेशन ठरवतं. हे आधी ठाऊक असेल तर सत्तावीस-अठ्ठावीस तास मजेत जातात. नसेल तर पहिली रात्रच जड जाते.

पहिल्या खेपेला नाशिककराने गीतांजली एक्सप्रेस घ्यावी. सकाळी नऊच्या आसपास नाशिकरोडला चढायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला उतरायचं, अंतर सुमारे १,७८० किलोमीटर. मध्ये एकच रात्र, आणि चढणं-उतरणं दोन्ही उजेडात. ही गाडी २६ डिसेंबर १९७७ रोजी सुरू झाली. राजापूरचे खासदार मधू दंडवते तेव्हा रेल्वेमंत्री होते, आणि वर्गभेद नको म्हणून तिला फक्त दुसऱ्या वर्गाचे डबे जोडले होते. आता तिला एसीचे डबे आहेत. पण स्लीपरच्या बाकावर जी गादी अंगाखाली येते, तिची सुरुवातही दंडवत्यांच्याच काळातली. त्याआधी दुसऱ्या वर्गात लाकडी फळीवर पाठ टेकावी लागे.

दोन महिने आधी

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. आयआरसीटीसीचं, म्हणजे रेल्वेच्या तिकीट-संकेतस्थळाचं, खातं त्याआधीच काढून आधारशी जोडून ठेवा, कारण ऑनलाइन तत्काळला ते लागतंच. प्रवाशांची नावं आणि वयं 'मास्टर लिस्ट'मध्ये भरून ठेवली की आठ वाजता टाइप करत बसावं लागत नाही. तत्काळ आदल्या दिवशी निघतं: एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला. कन्फर्म झालेलं तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे पहिल्या प्रवासाचा बेत तत्काळच्या भरवशावर आखू नये.

तारीख दोनदा वाचा. गीतांजली सकाळची असल्याने घोळ होत नाही, पण मुंबईहून रात्री सुटणाऱ्या बऱ्याच गाड्या नाशिकरोडला मध्यरात्रीनंतर येतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ रात्री साडेबाराची असेल, तर घरातून १४ तारखेला जेवून निघायचं असतं. १५ तारखेच्या रात्री बॅग घेऊन स्टेशनवर आलेल्यांची गाडी एक दिवस आधीच निघून गेलेली असते. या चुकीला पैसे परत मिळण्याची सोय नाही.

डबा कोणता? नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्लीपर पुरतो, सोबत जाड पांघरूण हवं. मार्च ते जून थ्री एसीला पर्याय नाही, कारण भर दुपारी गाडी अकोला-वर्ध्याच्या पट्ट्यातून जाते आणि तिथे पंखा गरम हवाच फिरवतो.

बर्थ ओळखायला नंबराला आठाने भागा. बाकी १ किंवा ४ आली तर खालचा, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा, ७ म्हणजे साइड लोअर (वाटेपलीकडचा खालचा) आणि भाग पूर्ण गेला तर साइड अप्पर (त्याच्या वरचा). म्हणजे ४३ नंबर वरचा आणि ४८ साइड अप्पर. स्लीपर आणि थ्री एसी दोन्हीकडे हेच गणित. टू एसीत मधला बर्थ नसतो, तिथे सहाने भागायचं. धडधाकट माणसाने वरचा मागावा: दिवसभर वाटेल तेव्हा आडवं होता येतं, कोणी 'जरा सरका' म्हणत नाही. खिडकीच्या मोहाने खालचा घेणाऱ्याला रात्री दहापर्यंत बाक वाटून घ्यावा लागतो. गुडघे दुखणाऱ्यांना आणि ज्येष्ठांना मात्र खालचाच हवा. ६० च्या पुढचे पुरुष आणि ४५ च्या पुढच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, म्हणून वय बरोबर भरा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती गृहीत धरू नका. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, न घेतला तर अर्धं.

आरएसी म्हणजे साइड लोअरवर दोघांनी बसून जायचं. पाय मुडपून रात्र निघते, पण पहिल्या प्रवासाला नकोच. ऑनलाइन वेटिंग तिकीट चार्ट (बर्थवाटपाची शेवटची यादी) लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि ते घेऊन आरक्षित डब्यात चढता येत नाही. 'टीसीला सांगून बघू' हा मार्ग डोक्यातून काढून टाका.

आदला दिवस

सकाळच्या गाडीचा चार्ट आदल्या रात्रीच लागतो. झोपण्याआधी पीएनआर (तिकिटावरचा आरक्षण क्रमांक) टाकून डबा आणि बर्थ नंबर कागदावर लिहून घ्या. मोबाइलवरचा मेसेज आणि मूळ ओळखपत्र पुरतं, डिजिलॉकरमधलं आधारही चालतं. आधारच्या फोटोचा फोटो चालत नाही.

सामानाची मर्यादा स्लीपर आणि थ्री एसीला माणशी ४० किलो. पण खरी अडचण वजनाची नसून बर्थखालच्या उंचीची असते. मोठी कडक सूटकेस आत जात नाही, मग ती वाटेत उभी राहते आणि रात्रभर येणारा-जाणारा तिला लाथ घालतो. दोन मऊ मध्यम बॅगा एका मोठ्या बॅगेपेक्षा बऱ्या. सोबत साखळी आणि कुलूप हवंच. खालच्या बर्थच्या तळाशी लोखंडी कड्या असतात, साखळी त्यातून ओवायची. नुसती बर्थच्या पायाला गुंडाळली तर ती सहज निसटते.

हाताशी एक छोटी पिशवी वेगळी ठेवा: रोजची औषधं, ओआरएसची पाकिटं, टूथब्रश, साबणाचे कागद, पातळ टॉवेल, पॉवर बँक, रबरी चपला. बीपीच्या गोळ्या साखळी लावलेल्या बॅगेच्या तळाशी गेल्या की रात्री अकराला अख्खा बर्थ उठवावा लागतो. दहा-वीसच्या नोटाही घ्या. नेटवर्क गेलं की चहावाल्याचा क्यूआर कोड निरुपयोगी होतो. नोटा नाशिकरोडच्याच छापखान्यात छापल्या जात असल्या तरी स्टेशनवर सुट्टे मिळत नाहीत.

जेवणाच्या डब्याचं गणित सोपं आहे. पहिल्या दुपारचं जेवण आणि रात्रीचं अर्धं जेवण घरचं, बाकी गाडीतलं. दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी दुसऱ्या सकाळपर्यंत सहज टिकते. तिखटमिठाच्या पुऱ्याही टिकतात, मात्र गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरल्या तर झाकणाला वाफ धरते आणि त्या चिवट होतात. बटाट्याची सुकी भाजी पहिल्या दुपारीच संपवा. उसळ, दहीभात, ओलं खोबरं घातलेलं काहीही नको, उन्हाळ्यात ते अकोल्यापर्यंतही टिकत नाही. कोणाकडे न्यायला द्राक्षं घेतलीत तर ती पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणि बर्थवरच. बर्थखाली ठेवली तर हावड्यापर्यंत त्यांचा रस होतो.

पहिला दिवस, सकाळ: नाशिकरोड

सातपूर, सिडको किंवा पंचवटीतून निघणाऱ्याने सकाळी द्वारकेचा चौक हिशेबात धरावा. एकट्या त्या चौकात वीस मिनिटं जाऊ शकतात. साडेसातला घर सोडलं की घाई होत नाही. बिटको चौकातून आत वळल्यावरही रिक्षांची गर्दी असते.

गाडी कुठवर आली ते मोबाइलवर इगतपुरीपासून बघा. कसाऱ्याहून वर येताना दर ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे, तिथे मागून जादा इंजिनं लावतात, त्यामुळे पावसाळ्यात घाटातच उशीर होतो. इगतपुरी सुटली की नाशिकरोडला यायला साधारण पाऊण तास लागतो. नंतर देवळाली दिसली की उठून उभं राहायचं.

थांबा मोजक्या मिनिटांचा आणि गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब, म्हणून डब्याची जागा आधी शोधणं हेच सकाळचं मुख्य काम. फलाटावरच्या दर्शक फलकांवर गाडी येण्याआधी डब्यांचे क्रमांक येतात. फलक बंद असेल तर हमालाला विचारा, त्याला डबे पाठ असतात. एस म्हणजे स्लीपर, बी म्हणजे थ्री एसी, ए म्हणजे टू एसी. चुकीच्या टोकाला सापडलात आणि गाडी सुटायला आली तर समोरच्या आरक्षित डब्यात चढा आणि आतून चालत जा, डबे जोडलेले असतात. जनरलच्या डब्यात मात्र शिरू नका. तिथून आत यायची वाट बहुधा बंद असते आणि पुढच्या थांब्यापर्यंत अडकून पडाल.

पहिला दिवस: खानदेश आणि वऱ्हाड

आधी सामान साखळीला लावा, मग खिडकी. ओढा, निफाड, लासलगाव मागे टाकत गाडी मनमाडकडे जाते. नांदगाव-चाळीसगावनंतर हवा कोरडी होत जाते. तासाला पाव लिटर पाणी हा हिशेब उन्हाळ्यात बरोबर बसतो. रेल नीरची लिटरची बाटली १४ रुपयांना आहे. झाकणाची कडी तुटलेली असेल तर ती बाटली परत करा, भरून विकलेल्या बाटल्या फिरत असतात.

घरचं जेवण भुसावळच्या आसपास उरकलं तर हात धुवायला बेसिनला पाणी असतं. पाणी मोठ्या जंक्शनवर भरतात. ते भरल्यावर तासाभरात नळाला जोर असतो, पुढचं मोठं स्टेशन जवळ येता येता तो कमी होतो. अंघोळीसारखं हातपाय धुवायचं असेल तर हे ध्यानात ठेवा.

शौचालयाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवखे सगळ्यात जास्त तिथेच बिचकतात. आता डब्याखाली बायो-टॉयलेटच्या टाक्या असतात. त्यातले जीवाणू मैला पचवतात, प्लास्टिक पचवत नाहीत. गुटख्याची पुडी, बाटली किंवा बाळाचं डायपर आत टाकलं की टाकीचं तोंड अडतं आणि मग त्या बाजूच्या पहिल्या दोन कप्प्यांना हावड्यापर्यंत वास येतो. म्हणून साधारण १७ ते ५६ मधला बर्थ मिळाला तर तो चांगला. शौचालय तुंबलं, पाणी संपलं, पंखा बंद पडला, तर १३९ वर फोन करा किंवा रेलमदद ॲपवर पीएनआरसह तक्रार टाका. पुढच्या मोठ्या स्टेशनवर माणूस येतो. टीसीशी वाद घालण्यापेक्षा हे लवकर होतं.

शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. इथे काळी जमीन लागते, पावसाळा सरता कपाशी आणि तूर दोन्ही बाजूंनी दिसतात. धामणगाव सोडल्यावर पुलगावच्या आधी वर्धा नदीचा पूल येतो. खिडकीबाहेर मोबाइल धरून पुलाचा व्हिडिओ काढायचा मोह होतो, तो आवरा. पुलाचे लोखंडी खांब खिडकीपासून फार लांब नसतात. स्टेशनातून गाडी हळूहळू सुटताना तर मोबाइल खिडकीपासून दूरच ठेवा, हिसकावणारे नेमका तोच क्षण धरतात.

खाली उतरून पाय मोकळे करायचे तर भुसावळ किंवा नागपूर. छोट्या थांब्यावर उतरू नका. विजेचं इंजिन आवाज न करता हलतं, शिट्टी ऐकू येईपर्यंत डबा पुढे सरकलेला असतो. उतरलात तरी स्वतःच्या दारासमोरच उभे राहा. सोबतचा माणूस खाली राहिला म्हणून धोक्याची साखळी ओढायची वेळ आली, तर विनाकारण ओढल्याबद्दल एक हजारापर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही माहीत असावं.

पहिली संध्याकाळ: नागपूर

थंडीत नागपूर येईपर्यंत अंधार पडलेला असतो. इथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची सुरू होते. रात्रीचं जेवण नागपूरच्या आधी ठरवा. पँट्रीचा (गाडीतल्या स्वयंपाकघराचा) माणूस ऑर्डर घ्यायला आधीच येऊन जातो, नंतर मागितलं तर उरलेलं मिळतं. साधी शाकाहारी थाळी गाडीत ८० रुपयांना आहे. जास्त मागितले तर छापील दरपत्रक आणि बिल मागा, तेवढ्यानेच आकडा खाली येतो. चवीबद्दल न बोललेलं बरं, पण भात आणि वरण गरम असतं. आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगने नागपूरला बर्थवर जेवण मागवता येतं. गाडी दोन तास उशिरा असली तर मात्र ते जेवणही तितकंच शिळं, हे धरून चाला.

भंडारा रोड, तुमसर, मग वैनगंगा ओलांडून तिरोडा आणि गोंदिया. गोंदियानंतर दरेकसाचा घाट आणि बोगदा, पलीकडे छत्तीसगडचं डोंगरगड.

पहिली रात्र

झोपायची अधिकृत वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. मधल्या बर्थचा मालक दहाच्या आधी बर्थ उघडा म्हणू शकत नाही आणि दहानंतर खालचा माणूस त्याला नाही म्हणू शकत नाही.

मधला बर्थ म्हणजे दिवसा आपण पाठ टेकतो तीच फळी. आधी तिच्यावर टेकलेल्यांना उठवा. खालची कड दोन्ही हातांनी धरून वर उचला, फळी आडवी होईपर्यंत. वरच्या बर्थपासून लोंबणाऱ्या दोन साखळ्यांचे आकडे फळीच्या दोन्ही टोकांना असलेल्या कडीत अडकवा. बहुतेक जण एक आकडा नीट लावतात, दुसरा कडीच्या तोंडाशीच टेकलेला राहतो, आणि अंग टाकलं की फळी एका बाजूने खचकन खाली येते. म्हणून दोन्ही आकडे लावून झाल्यावर फळीवर तळहाताने जोर देऊन बघा, आणि मगच चढा. सकाळी खाली करताना खालच्या माणसाला आधी सांगा, त्याचं डोकं नेमकं तिथेच असतं.

एसीत दोन चादरी, उशी, ब्लँकेट आणि छोटा टॉवेल मिळतो. स्लीपरला यातलं काहीच मिळत नाही. चार्जिंगचे पॉइंट रात्री अकरा ते पहाटे पाच बंद ठेवतात, त्यामागे आगीची भीती आहे. मोबाइल दहाच्या आत भरून घ्या. पाकीट उशीच्या अभ्र्यात नको, कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा. डोकं वाटेच्या बाजूला असेल तर कानातले काढून ठेवा. चपला पिशवीत घालून खोल सरकवा. रायपूर-बिलासपूरला चढणारे अंधारात चपला लाथाडतात, आणि पहाटे एकच चप्पल सापडते.

रायपूर दहा-अकराच्या सुमारास, बिलासपूर मध्यरात्रीनंतर. बिलासपूर ते झारसुगुडा हा कोळशाच्या मालगाड्यांचा पट्टा. गाडी माळरानावर अर्धा-अर्धा तास उभी राहिली तरी काही बिघडलेलं नसतं. या प्रवासाचा उशीर बहुतेक वेळा इथेच जमतो.

दुसरा दिवस

घड्याळ तेच असलं तरी सूर्य लवकर येतो. नाशिक आणि हावडा यांच्यात सुमारे साडेचौदा रेखांशांचा फरक आहे, एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे जवळजवळ तासभर. उन्हाळ्यात पाचलाच खिडकीतून ऊन येतं. शौचालयाची रांग सहाला लागते, त्याच्या आधी उरकून घ्या.

राउरकेला मागे पडल्यावर सारंडाचं जंगल. महादेवशाल आणि पोसोइता यांच्या दरम्यान बोगदा आहे. साल वृक्षांची दाटी, लाल माती, आणि नेटवर्क येतं-जातं. अख्ख्या मार्गावर बघण्यासारखा तुकडा हाच. नकाशा आणि हॉटेलचा पत्ता आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा. चक्रधरपूरनंतर टाटानगर येतं, तिथे चहा-नाश्ता मिळतो.

खडगपूरचा फलाट १,०७२.५ मीटर लांब आहे. एकेकाळी तो जगात सर्वांत लांब होता, नंतर गोरखपूर आणि मग हुबळीने त्याला मागे टाकलं. खडगपूरपासून हावडा ११५ किलोमीटर. भाताची खाचरं, तळी, मग कोलाघाटला रूपनारायण नदीचा रुंद पूल. पुलानंतर सामान आवरा, पण दारात उभे राहू नका. सांतरागाछी ते हावडा हे जेमतेम अंतर असलं तरी फलाट मोकळा नसल्याने गाडी बाहेर थांबते, कधी अर्धा तास, कधी जास्त. त्यामुळे त्याच दुपारचं विमान किंवा पुढची गाडी घेऊ नका. निदान पाच-सहा तासांची मोकळीक हवी.

हावडा

या बाजूच्या गाड्या नव्या संकुलात लागतात, फलाट १७ ते २३. बाहेर आल्यावर अंगावर येणाऱ्या टॅक्सीवाल्यांकडे न बघता प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर जा. सामान कमी असेल तर स्टेशनसमोरच्या घाटावरून फेरी घ्या, हुगळीपलीकडे बाबूघाटाला काही मिनिटांत पोचता. एस्प्लनेडकडे जायचं तर नदीखालून जाणारी मेट्रो स्टेशनलाच लागून आहे, ती मार्च २०२४ पासून सुरू आहे.

परतीच्या तिकिटावर गाडी हावड्याहून सुटते की शालिमारहून, ते नीट वाचा. दोन्ही स्टेशनं वेगळी आहेत. येताना हावडा शेवटचं स्टेशन होतं, जाताना नाशिकरोड मधलं असतं. मनमाड सुटलं की साखळी सोडा आणि निफाड गेलं की बॅगा दारापाशी आणा. हावड्याच्या क्लोकरूममध्ये दिवसभर सामान ठेवायचं असेल तर तिकीट दाखवावं लागतं, आणि कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत.